टोकाकडचा फुगवटा

"हृदयाचं पंपिंग अठ्ठावन्न टक्के! नॉर्मल! घरी पाठव बाईंना," सहा महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवरून नजर न उचलता डॉक्टर सांडर म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

येल्त्ये बाई आमच्या लेवार्डन शहरातल्या कालव्यावर पूल उघडायचं काम करतात. वय साठ. पुलाच्या खोलीच्या चौदा पायऱ्या चढताना त्यांना धाप लागते, आणि सगळे त्यांना 'मनाचे खेळ' म्हणून वाटेला लावतात. मी हृदयाची सोनोग्राफी करते. आज मी अगदी टोकापर्यंत पाहिलं. डावा कप्पा खाली निमुळता हवा. बाईंचा बल्बसारखा फुगलेला. वरचा भाग जोरात आवळत होता, टोक मात्र ढिम्म. तिथं रक्त साचून गाठ धरली होती. ती सुटून मेंदूत गेली की खेळ खलास.

"टक्के मोजलेत कुठे ते बघा!" मी म्हणाले. "वरच्या धडधाकट भागात एक आडवी रेघ ओढली आणि उरलेला कप्पा निमुळताच असणार असं मशीनने धरून टाकलं. फुगवटा त्या रेघेत येतच नाही!"

"विट्स्के, दहा वाजले. कॉफी."

आमच्याकडे दहाची कॉफी कुणी चुकवत नाही, मग छताला आग का लागेना. मी सरळ दार अडवलं. "ती गाठ थांबणार आहे का तुमच्या कॉफीसाठी?"

ते चरफडत स्क्रीनपाशी आले. फुगवट्यावर बोट ठेवलं. "दाखल करून घे. रक्त पातळ करायचं औषध आत्ताच सुरू."

माझा राग अजून उतरला नव्हता. "आणि ही रेघ ओढणाऱ्याला आधी घरी बसवा! एवढी कसली घाई होती म्हणते मी!"

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. खाली वेळ होती, नऊ पंचावन्न. शेजारी सही. माझी.

मी बाईंच्या खाटेपाशी जाऊन सगळं सांगितलं. गाठ, औषध, आणि तेव्हा चुकलं ते माझंच, हेही.

"नवरा म्हणायचा, अगं, दुसरीकडे दाखवू या," त्या म्हणाल्या. "मीच त्याला गप्प करायचे. म्हणायचे, त्या मुलीने नीट बघितलंय रे."