बाबांच्या गावचा रस्ता

आमचे बाबा, एइसाकु, भयंकर हट्टी होते. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, पण मी बोलणार.

त्यांचं गाव धरणात गेलं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. दर सप्टेंबरात वादळी पावसाला जागा हवी म्हणून धरणाचं पाणी उतरवतात आणि गावचा जुना रस्ता वर येतो. ऑक्टोबर लागला की ट्राउट अंडी घालायला ओढ्यात चढतात, मासेमारी बंद होते. म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही बापलेक गळ घेऊन जायचो. मी, मित्सुए, तेव्हा चोवीस वर्षांची. शहरात नोकरी करायचे आणि त्या एका दिवसासाठी घरी यायचे.

त्या वर्षी नऊ वाजले तरी एकही मासा लागला नाही. भाताचे गोळे खाऊन संपले. रात्री वरच्या डोंगरात पाऊस बदाबदा कोसळला होता, पाणी गढूळ झालं होतं. मी म्हटलं, चला घरी. बाबांना कुठलं पटतंय! मासे ओढ्याच्या तोंडाशी जमले असणार म्हणाले, आणि तिकडे जायला आपला रस्ता आहेच की. मी म्हटलं, तीस वर्षांचा गाळ साचलाय तिथे. तर माझ्यावरच उखडले.

"मला माझ्या दारातला रस्ता शिकवतेस?"

आणि निघाले. छातीपर्यंतचे रबरी बूट, खांद्यावर काठी. चालता चालता एकेका जोत्याकडे बोट दाखवत होते, हे न्हाव्याचं, हे टोफूवाल्याचं. गाळ वरून वाळून भेगाळलेला, चांगला टणक वाटत होता. मीही मागोमाग निघाले, खोटं कशाला बोलू. टोफूवाल्यापाशी रस्ता डावीकडे वळायचा. पण बाबांनी भलतंच जोतं टोफूवाल्याचं समजून वळण घेतलं आणि रस्ता सोडून एका जुन्या भातखाचरात उतरले. पहिल्या पावलाला गुडघाभर गेले, दुसऱ्याला कमरेपर्यंत. मी चार पावलं मागे होते म्हणून वाचले.

आधी दोघंही हसलो. मग मी पोटावर झोपून काठी पुढे केली, ओढलं, ती मोडली. बूट कापा म्हटलं, तर गाळानं इतकं आवळलं होतं की चाकू खाली जाईना. धडपडले तसे बरगड्यांपर्यंत रुतले. गाडीची किल्ली बाबांच्या विजारीच्या खिशात, म्हणजे चिखलात. मोबाईल तेव्हा कुठले? धरणाची कचेरी पार पलीकडच्या टोकाला, पळत गेलं तरी चाळीस मिनिटं.

पाणी त्यांच्यापासून बारा हातांवर होतं. रात्रीच्या पावसानं धरण भरत होतं, मी ओढाताण करत होते तेवढ्यात ते चार हातांवर आलं.

बाबांनीही पाहिलं. एकदम शांत झाले. इतके शांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचाच राग आला.

"जा, कचेरीतल्या माणसांना घेऊन ये," ते म्हणाले. "पाणी चढायला अजून दोन तास आहेत."

"दोन तास नाहीत, बाबा."

"तू मला सांगू नकोस. जन्म गेला माझा इथे. पळ."

मला दिसत नव्हतं असं नाही. जायला चाळीस मिनिटं, मग होडी काढायची, मग परत यायचं. त्यांनाही ते कळत होतं. मी थांबले असते तर एक तर रुतले असते, नाहीतर बघत बसले असते, आणि दोन्ही त्यांना नको होतं. मी माझा कोट त्यांच्या खांद्यांवर टाकला आणि पळाले.

पहिल्या वळणावर त्यांची हाक आली. माझं नाव, स्पष्ट, दोनदा. मघाचा आवाज नव्हता तो. माझा बाप घाबरला होता. मी थांबले. मागे गेले असते तर पुन्हा निघता आलं नसतं, हे खरं. पण मला ते बघवलं नसतं, हे जास्त खरं. मी पुन्हा पळत सुटले.

होडी घेऊन पोहोचलो तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं. बाबा तिसऱ्या दिवशी मिळाले.

कचेरीतला माणूस म्हणाला, मागे न वळता आलात ते बरं केलंत. आई म्हणाली, त्यांनीच तुला पाठवलं ना, तू त्यांचं ऐकलंस, मनाला लावून घेऊ नकोस. मी मान डोलावली. हाक मारली होती, हे मी तिला सांगितलं नाही. आईला जाऊनही आता नऊ वर्षं झाली.