कापताना डोळा ठेव

कापणं हा माझा धंदा आहे. पस्तीस वर्षं मी शर्ट-पँटी कापतोय, आणि मास्तरांची कात्री वाकडी चालली असं एकही गिऱ्हाईक सांगणार नाही. हे आधीच बोलून ठेवतो, कारण पुढे जे ऐकाल त्यानं माझ्या कात्रीची अब्रू जायला नको. चूक कात्रीची नव्हती.

माझी थोरली बहीण आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. तिच्या फ्रिजवर मनीप्लांटची एक कुंडी होती. भाची नोकरीसाठी परगावी गेली, त्याच आठवड्यात ताईनं ती आणली. पोरगी गेली आणि वेल आली. खिळे ठोकून, दोऱ्यानं बांधत ताईनं ती स्वयंपाकघराच्या दारावरून, घड्याळाखालून थेट बाहेरच्या खिडकीपर्यंत नेली. मायलेकींचा फोन "वेल कुठवर आली?" यावरूनच सुरू व्हायचा. "मला स्वतःचं घर मिळालं की यातलाच तुकडा हवा," भाची बजावायची, आणि ताई त्या एका वाक्यावर आठवडा काढायची.

मग ताईच्या फुफ्फुसांनी असहकार पुकारला. रुग्णालयात जाताना तिनं किल्ली माझ्या हातात दिली. "वेलीकडे बघ," एवढंच म्हणाली. मी बघितलं की! रोज सकाळी तांब्याभर पाणी. बहीण तिकडे धापा टाकतेय आणि मला तिच्यासाठी दुसरं काहीच करता येत नाही, मग मी पाणी घालत होतो. अति तिथे माती म्हणतात. इथे मातीचाच चिखल झाला. तिसऱ्या आठवड्यात कुंडीला कुबट वास यायला लागला आणि बुडाकडची पानं पिवळी पडली.

घाबरून ताईला फोन लावला. तिला एका श्वासात दोन-तीन शब्दच जमत होते.

"मुळं कुजली असतील. वरची वेल... चांगली असेल. तुकडे कर. कापताना... डोळा ठेव. पाण्यात घाल."

"तू काळजीच करू नकोस," मी म्हणालो. "डोळ्यांत तेल घालून करतो."

दुकानातली मोठी कात्री धुऊन घेतली, जवळचा चष्मा चढवला आणि एकेक पान लांब देठासकट कापलं. काप असा की इस्त्री केल्यासारखा. चौदा पानं निघाली. औषधाच्या, जॅमच्या, मिळेल त्या बाटल्यांत पाणी भरून ती मांडली. उरल्या त्या गाठीगाठींच्या ओबडधोबड दांड्या. शिंप्याला गाठ दिसली की हात शिवशिवतात. गुंडाळून कचऱ्यात टाकल्या.

नऊ दिवसांनी ताई गेली.

त्यानंतरचं वर्ष मी त्या चौदा बाटल्यांच्या जिवावर काढलं. दर तीन दिवसांनी पाणी बदलायचं, पानं पुसायची, आणि कोणी बघत नाही ना याची खात्री करून ताईशी चार शब्द बोलायचे. पानं हिरवीगार होती. काहींच्या देठांना पांढरी मुळंसुद्धा फुटली. ते सांगितलं तेव्हा भाची फोनवर हमसून रडली. पण नवं पान मात्र एकाही बाटलीत येईना. अशातच भाचीला घर मिळालं. "रविवारी येते, मामा. आईच्या वेलीचा तुकडा तयार ठेव."

शनिवारी एक बाटली घेऊन मी रोपं विकणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी पान बाहेर काढलं, देठ बघितला.

"मास्तर, याला डोळाच नाही."

"अहो, वर्षभर डोळा ठेवूनच आहे मी!"

त्या खो खो हसल्या. मग दुसरी एक वेल ओढून तिच्या दांडीवरची गाठ दाखवली. पान जिथून निघतं तिथे एक बारीकसा उंचवटा होता. "हा डोळा. फुटवा इथूनच येतो. दांडीचा डोळ्यासकट तुकडा घ्यायचा असतो. नुसतं पान हिरवं राहील, मुळंही धरेल. पण त्याची वेल कधीच होणार नाही."

मी तिथेच उलट्या बादलीवर बसलो. ताईचं वाक्य मला आत्ता ऐकू आलं. आणि सगळे डोळे मी माझ्या हातांनी कचऱ्यात टाकले होते.

"अगदी अशीच दुसरी देते," बाई म्हणाल्या. "कोणाला कळणार आहे?"

मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण नाही घेतली.

रविवारी भाची दारात आली, आणि तिनं चप्पल काढायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. तिनं बाटल्यांकडे बघत हळूच विचारलं, "आईला कळलं होतं?"

"छे, तिला कसं..." म्हणता म्हणता मला रुग्णालयातली ती सकाळ आठवली.

कापल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यातलं एक पान ताईला दाखवायला नेलं होतं. तिनं ते उलटंपालटं केलं, देठाच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"दांड्या?"

"टाकल्या. सकाळीच कचऱ्याची गाडी येऊन गेली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं दम लागलाय. मग पान माझ्या हातात परत देत म्हणाली, "छान कापलंस रे. अगदी सरळ."

ही शाबासकी मी वर्षभर मिरवली होती, गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवली होती. भाचीला ती सांगताना मात्र मला पुढे बोलवेना. म्हाताऱ्या माणसानं भाचीसमोर असं रडू नये, पण रडलो.

तिनं मला रडू दिलं. मग एक बाटली उचलून नळावर गेली, जुनं पाणी ओतलं, ताजं भरलं.

"किती दिवस राहील हे?"

"माहीत नाही गं."

"मी हेच नेते," ती म्हणाली, आणि बाटली पोटाशी धरून खुर्चीत बसली.