खिळ्यावरची सुतळी

मित्रांनो, खोटं बोलायला मला तोंड नाही, म्हणून जे सांगते ते खरंच धरा. मी सुतळी आहे. वसमतच्या बाजारात एका पोत्याचं तोंड बांधायला माझा जन्म झाला. पोत्यात हळद होती. ती माझ्या अंगात इतकी मुरली की पुढं तीन वर्षं माझ्या आसपास फिरकणारे डाससुद्धा पिवळे होऊन उडायचे. यावर कोणी विश्वास ठेवत नाही. नका ठेवू. पुढचं मात्र कान देऊन ऐका.

पोतं रिकामं झालं आणि डोंगरकडा गावाजवळच्या शेतात राहणाऱ्या द्वारकाबाईनं मला दाराशेजारच्या खिळ्याला टांगलं. तिला लिहिता येत नव्हतं, पण घरातलं एक काम तिच्या ध्यानातून सुटत नव्हतं. कारण प्रत्येक कामाची ती माझ्या अंगावर एक गाठ मारायची. केळीला खत टाकायचं, मारली गाठ. चुलतजावेची चाळण परत द्यायची, मारली गाठ. काम झालं की ज्यानं केलं त्यानंच गाठ सोडायची, असा घरचा नेम होता. एका लग्नसराईत माझ्यावर एक्केचाळीस गाठी होत्या. चार हातांची मी, पालीच्या शेपटीएवढी उरले होते. तरी एक काम चुकलं नाही. पाहुणे मला बघून म्हणत, "बाई, तुमची सुतळी तलाठ्यापेक्षा हुशार हाय."

या सगळ्या गाठींत एक गाठ वेगळी होती. तिच्यात तांबडी चिंधी असायची. घरातलं कोणी विहिरीत उतरणार असलं की त्यानं आधी ही गाठ मारायची. तांबडी गाठ आहे तोवर मोटरीच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही. वर आलेल्यानं ती स्वतःच्या हातानं सोडायची. पाण्यात माणूस आणि मोटरीत करंट एकाच वेळी आले, तर पुढं सांगायला काही उरत नाही.

त्या सकाळी मोटरीच्या जाळीत पाला अडकला होता. द्वारकाबाईच्या मुलानं, वैजनाथनं, तांबडी गाठ मारली आणि तो विहिरीकडं गेला. लाईट साडेनऊला यायची होती. इकडं गोठ्यात म्हैस अडली. द्वारकाबाई माझ्यावर म्हशीची गाठ मारून तिच्यापाशी जाऊन बसली. शेजारची जिवनबाई धावत आली आणि ओरडली, "घरातल्या समद्या गाठी सोडा! कुलपं उघडा, केस मोकळे करा. एक बी गाठ राहिली तर रेडकू आडकून बसंल!"

सून प्रतिक्षा घरभर पळाली. पेटीचं कुलूप उघडलं, गाठोडी सोडली आणि माझ्यापाशी आली. तांबड्या चिंधीवर तिचा हात थांबला.

"जिवनमावशी, ही तांबडी बी सोडू का? हे खाली..."

"तांबडी असो न्हाई तर हिरवी! म्हैस मरून राहिली अन् तू रंग काहून बघती?"

प्रतिक्षानं गाठ सोडली. चिंधी उंबऱ्यावर पडली. मी गुळगुळीत झाले. मित्रांनो, इतकी हलकी मी जन्मात नव्हते आणि इतकं भ्यायलेही नव्हते.

थोड्या वेळानं वैजनाथचे वडील, दगडोबा, गावातून आले. घरातला बल्ब लागला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तांबडं काही नव्हतं. "आलं वाटतं पोरगं वर," असं पुटपुटत ते मोटरीकडं गेले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ते नेमानं वागले होते.

तेवढ्यात गोठ्यात आनंद झाला. म्हशीला रेडी झाली होती. द्वारकाबाई हसत हसत म्हशीची गाठ सोडायला आली आणि तिचा हात माझ्यावरून सरळ खाली घसरला.

"तांबडी कुठंय? वैजू आला का वर?"

"न्हाई, आत्याबाई," प्रतिक्षा कशीबशी म्हणाली.

द्वारकाबाईनं मला मुठीत धरलं आणि ती पळत सुटली. दगडोबांचं बोट हिरव्या बटणावर टेकलं होतं. ओरडायला तिच्यात दम नव्हता. तिनं त्यांचा हातच ओढला.

"आगं ए, याड लागलं का तुला?"

तिनं नुसतं विहिरीकडं बोट केलं. खालून आवाज आला, "बा, कोण हाय वर? म्हैस व्याली का?"

दगडोबा बटणापासून मागं सरले. त्या दिवशी त्या घरात कोणी जेवलं नाही.

मग नवा नेम झाला. विहिरीत उतरणाऱ्यानं मलाच मनगटाला बांधून न्यायचं. खिळा रिकामा, म्हणजे खाली माणूस आहे. मोटर बंद. असे कित्येक महिने बराबर गेले. पाण्यात भिजून भिजून मी मात्र कुजत चालले.

आज द्वारकाबाई लेकीकडं गेली आहे. वैजनाथनं मला मनगटाला गुंडाळलं आणि तो निघाला. वळताना मी मागं पाहिलं. प्रतिक्षाच्या हातात कालच्या बाजारातली नवीकोरी सुतळी होती. जुनी कुजली, सासूला बरं वाटेल, एवढंच बिचारीच्या मनात. टाचा उंचावून तिनं ती रिकाम्या खिळ्याला टांगली.

मित्रांनो, घरच्या आठवणी खुशाल आमच्यावर सोपवा. पण आम्हाला सोडताना, बदलताना एकदा तोंडानं विचारत जा, की बाबा, ही कशाची होती? सुतळीला वाचा नाही. तुम्हाला आहे. तुमच्यापैकी कोणी आत्ता डोंगरकड्याच्या वाटेवर असाल, तर दगडोबांना एवढंच विचारा, की पोरगं डोळ्यांनी दिसलं का?

आम्ही शेवटच्या पायरीवर आहोत. वैजनाथनं एक पाय पाण्यात घातला आहे. वर मोटरीच्या पेटीवरचा बल्ब आत्ताच लागला.