गाळलेले नऊ सेकंद

भार्गवीने आपल्या पाठाच्या व्हिडिओतला सुरुवातीचा तोच भाग चौथ्यांदा मागे नेला. मोबाइलच्या पडद्यावर तिचा हात वर गेला, वर्गातल्या अवधूतच्या डाव्या कानावर बसला आणि त्याचं डोकं बाकाच्या कडेवर आपटलं. मग तिने त्याला कॉलर धरून उठवलं आणि तिथेच आणखी एक ठेवून दिली. सगळे मिळून नऊ सेकंद.

"एवढं काढून टाक," कल्पना मॅडम म्हणाल्या. शिवाजीनगरच्या या शाळेत भार्गवी बी.एड.चे सराव पाठ घेत होती. ते तपासून सही करायचं काम मॅडमचं. "पुढचं बघ, वर्ग कसा गप्प बसलाय. आठवडाभर घसा फोडत होतीस, जमलं होतं का?"

"जोरात लागलं असेल, मॅडम."

"आमचे सर डस्टर फेकून मारायचे." त्यांनी भुवईवरचा पांढरा व्रण दाखवला. "मेले का मी?"

भार्गवीने नऊ सेकंद कापले आणि व्हिडिओ शिक्षकांच्या ऑनलाइन गटात टाकला. दोन महिने ती दर आठवड्याला एक पाठ तिथे टाकत होती. ती फळ्याकडे तोंड करून बोलते, मागच्या बाकांना प्रश्न विचारत नाही, हे तिला तिथेच कळलं होतं आणि तिने ते सुधारलंही होतं. याच शहरातल्या बेळ्ळंदूर भागातल्या एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका, संयोगिता मॅडम, त्याच गटात होत्या. नोकरी मिळाली तर तिथेच मिळावी, असं तिला वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत तीनशे जणांनी पाठ पाहिला. 'सूपर, मिस!' 'एवढी शांतता आणली कशी? आम्हालाही शिकवा.' संयोगिता मॅडमनी लिहिलं होतं, 'सोमवारी भेटायला या.'

त्याखाली भीमाचार्यांचा अभिप्राय होता. हे धारवाडचे निवृत्त शिक्षक प्रत्येकाचा पाठ शेवटपर्यंत पाहत. 'पाठ चांगला झाला. तिसऱ्या बाकावरचा मुलगा सगळा वेळ डावा कान दाबून बसला आहे. त्याला कमी ऐकू येतं का? पुढे बसवून पाहा. असं काही शिक्षकाच्या नजरेतून सुटू नये.'

'हो सर, बसवते,' तिने लिहिलं. त्यावरही चौघांनी टाळ्या दिल्या.

सकाळी वर्गात ती अवधूतच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि हळूच त्याचं नाव घेतलं. तो वहीत लिहीतच राहिला. कानात कापसाचा बोळा होता, तपकिरी डाग पडलेला. तिने खांद्याला हात लावला तसा तो दचकून उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

मॅडमना न विचारताच तिने रिक्षा केली. दवाखान्यात अवधूतची आई गोजराबाई शिवणाच्या दुकानातून धावत आली. तिने भार्गवीचा हात दोन्ही हातांत घेतला.

"अक्का, तुम्ही स्वतः घेऊन आलात! कोण करतंय हो एवढं? पडलो म्हणाला, मी म्हटलं सरी, बरं, स्वल्प तेल सोडते कानात."

डॉक्टरांनी बराच वेळ कानात उजेड टाकून पाहिलं.

"पडदा फाटलाय. कसं झालं?"

अवधूत स्टुलावरून उठला आणि वर्गात उभा राहतो तसा हाताची घडी घालून उभा राहिला.

"पडलो."

मग त्याने भार्गवीकडे पाहिलं, उत्तर बरोबर आलं का म्हणून.

"पडून असं होत नाही," डॉक्टर गोजराबाईकडे वळले. त्यांचा आवाज चढला. "कानाखाली मारलंय कुणीतरी, तेही जोरात. घरी कोण मारतं याला? नवरा? की तुम्ही?"

"देवाशपथ, डॉक्टर..." गोजराबाईने भार्गवीचा हात आणखी घट्ट धरला. "अक्का, तुम्ही तरी सांगा यांना."

"मी मारलं," भार्गवी म्हणाली. "दोनदा."

गोजराबाईला ते उमजायला थोडा वेळ लागला. मग हात सुटला. अवधूत अजून हाताची घडी घालून उभा होता. आईने त्याला खसकन आपल्याकडे ओढलं, तेव्हा कुठे तो रडायला लागला.