पोट आत ओढून धरणारा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण भांग पाडायला माझ्यासमोर उभे राहाल तर फसाल. माझ्यात काच औषधालाही नाही. लोखंडी कड्यावर ताणलेला चकचकीत प्लास्टिकचा पडदा, मागे तसाच दुसरा, असा मी भिंतीएवढा ढोल. मधली थोडी हवा पंपाने ओढली की माझे पोट आत जाते आणि सगळे ऊन गोळा करून मी मनोऱ्यावरच्या बॉयलरवर फेकतो. काय मजा येते म्हणून सांगू!

मला घडवले एका इंजिनिअर ताईने. कडे जोडले तिच्या वेल्डर मामांनी. काचेचे आरसे जड आणि महाग, त्यांना पेलणारे खांब त्याहून महाग. मला मात्र दोघे जण हसतखेळत उचलत. उन्हाची वीज स्वस्त व्हायची तर आधी आरसा स्वस्त हवा, हे ताईचे वेड होते. तिच्या कामाला पैसे देणाऱ्या साहेबांना ते पटेना. शेवटी त्यांनी सांगून टाकले, की तपासणीच्या दिवशी बॉयलरच्या वाफेवर विजेचा दिवा लागला तर ठीक, नाहीतर ताईच्या शेडला कुलूप.

तो दिवस उजाडला. तपासनीस आले, पंप सुरू झाला, मी ऐटीत पोट आत ओढले. आणि पाठीमागे बारीक सूं ऐकू आले. मला भोक पडले होते! पोट सुटू लागले, बॉयलरवरचा उजेड पसरू लागला. चिकटपट्टी लावायची तर पंप बंद करून थांबावे लागणार, आणि साहेब तर घड्याळ बघू लागलेले. ताई धावत माझ्यामागे आली. कान लावून तिने भोक शोधले आणि त्यावर अंगठा दाबला.

"मामा, तुम्ही दांडा फिरवत राहा. मी हात काढला तर सगळ्यावर पाणी फिरेल."

सूर्य सरकेल तसे मामा मला वळवत राहिले. मी जीव खाऊन पोट आवळले. बॉयलर पांढराशुभ्र झळाळला, वाफ सुटली, वीज करणारे चाक गरगरले आणि दिवा लागला! टाळ्यांचा कडकडाट झाला. मला तर नाचावेसे वाटत होते.

ताईला यातले काहीच दिसत नव्हते. माझ्या सावलीत ती अंगठा दाबून उभी होती.

"मामा, लागला का?"

"लागला गं," मामा म्हणाले.

आज माझी भावंडे माळभर उभी आहेत. मित्रांनो, त्यांना कोरड्या फडक्याने घासू नका, ओरखडे पडतात. पाण्याने हलकेच धुवा. आणि समोरचा लखलखाट बघून झाला, की एकदा आमच्या मागेही डोकावून या. तिथे कोणी उभे असेल, तर दिवा लागल्याचे आधी त्याला सांगा.