चार वाजताची टोपली

मीटरवाले काका दुसऱ्या मजल्याचा जिना चढत होते तेच मुळी भांडायच्या तयारीने. घरून निघताना काकूंनी बजावलं होतं, "अहो, तिथे तरी तोंड उघडा. घरी कसं पायांत चप्पल अडकवून दारातच अर्धा तास बोलता, तसं!" आणि काकांनी ठरवलं होतं, आज बोलायचंच. चार वाजता साहेबांची मीटिंग होती आणि त्या मीटिंगमध्ये काकांच्या कामाचा निकाल लागणार होता.

प्रकरण असं होतं. शहरभर पाणी नेणाऱ्या नळांमध्ये दाब किती आहे हे मोजणारे सहाशे चाळीस मीटर काकांनी बसवले होते. एकट्याने! रस्त्याखालच्या खड्ड्यांत उतरून, लोखंडी झाकणं उचलून, कंबरेचा पार भुगा करून घेऊन. प्रत्येक मीटर दर पाच मिनिटांनी आपला आकडा ऑफिसातल्या सर्व्हरला पाठवायचा. दोन वर्षं सगळं झकास चाललं. आणि गेल्या तीन आठवड्यांपासून आकडे गळायला लागले. काही भागांतले जास्त, काही भागांतले कमी. साहेबांनी पाच मिनिटांत निदान करून टाकलं: मीटर भिकार. सगळे उपटा, दुसऱ्या कंपनीचे बसवा, आणि मीटरवाल्यांना नारळ द्या.

काकांनी चाळीस खड्डे पुन्हा उघडून पाहिले होते. एकाही मीटरला काही झालेलं नव्हतं. पण हे सांगायचं कुणाला? मीटर बोलत नाहीत आणि साहेब ऐकत नाहीत.

सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं तसा आतून फ्रिजसारखा गारवा आला. एका टेबलाशी स्वेटर, त्यावर शाल, पायांत दोन-दोन मोजे अशा थाटात एक बाई बसली होती. वय असेल पस्तिशीचं. बाहेर माणसं घामाने निथळत होती आणि इथे ही बाई हातांवर फुंकर मारत होती.

"मॅडम," काकांनी घसा साफ केला, "माझे मीटर चांगले आहेत."

"मॅडम म्हणू नका हो, मला वाटतं मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय. ताई म्हणा. बसा. आणि दार लावा, माझा गारवा पळतोय."

काकांनी भांडणाचं पहिलं वाक्य पाठ केलं होतं. पण त्यांनी आधी दार लावलं. ते बसले.

"मीटर चांगले आहेत कशावरून?" ताईंनी विचारलं. चिडून नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"आकडा पाठवला की मीटरवरचा दिवा एकदा लुकलुकतो. काल बाजाराजवळच्या खड्ड्यात बसलो. दहा ते बारा. चोवीस वेळा दिवा लागला. प्रत्येक वेळ लिहून ठेवलीये."

"दोन तास? खड्ड्यात?"

"डबा घेऊन गेलो होतो."

ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काकांना एकदम आपण ताठ बसलोय याची जाणीव झाली. मग त्यांनी कीबोर्डवर काहीतरी खडखडवलं. "त्याच मीटरचे माझ्याकडे सोळाच आकडे आहेत. म्हणजे आठ गेले. कधीचे गेले ते बघू... सव्वादहा, साडेदहा, पावणेअकरा..." त्या थांबल्या. "काका, हे तर पाढे म्हटल्यासारखे चाललेत. दर पंधरा मिनिटांनी एक."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून बारा मिनिटं झाली होती.

"तीन मिनिटं आहेत," ताई म्हणाल्या. "तोवर तुम्हाला सांगते मी काय बघणारे. समजा हे एक ऑफिस आहे आणि दाराशी एक टोपली ठेवलीये. टपाल आलं की टोपलीत पडतं. आत एक कारकून आहे, तो येऊन उचलतो. तो कारकून म्हणजे माझा प्रोग्राम. आणि टोपलीला आम्ही बफर म्हणतो. आता कारकून जागेवर असला तर टोपली रिकामीच राहते. नसला तर भरत जाते."

"आणि पूर्ण भरली तर?"

"तर पुढचं टपाल सरळ फेकून दिलं जातं. तुमचे मीटर पोच मागत नाहीत ना. ते पाठवून मोकळे होतात. कुणाला काही कळतही नाही. फक्त सर्व्हर एका कोपऱ्यात गुपचूप मोजत बसतो, किती फेकली ते."

"मोजतो? मग कुणी बघत कसं नाही?"

"हाच तर प्रश्न आहे," ताई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच थोड्या ओशाळल्या.

पडद्यावर दोन आकडे होते. एक टोपलीत किती बाइट साचलेत त्याचा, म्हणजे टपालाची संख्या नाही, वजन; तो शून्य. दुसरा फेकलेल्या टपालाचा. तो सात लाख एकतीस हजारांच्या पुढे होता.

सव्वादोन वाजले. आणि काय सांगू! तो शून्य एकदम उसळला. क्षणात दोन लाख बारा हजारांच्या पुढे गेला आणि छताला डोकं आपटल्यासारखा तिथेच थांबला. एक सेकंद, दोन, पाच, आठ. मग झपकन पुन्हा शून्य. दुसरा आकडा मात्र वाढून बसला होता. तीनशे त्रेसष्टने.

"आले होते!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "माझे आकडे आले होते!"

"सगळे आले होते," ताई म्हणाल्या. "सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस दारापर्यंत आले. दोनशे सत्त्याहत्तर टोपलीत मावले. बाकीचे मी फेकले."

'मी' हा शब्द त्यांनी असा सहज घेतला की काकांना वाटलं बोलायची पद्धत असेल.

दोन वीसला पुन्हा पाहिलं. आकडा जरासा हलला आणि शून्यावर आला, एकही टपाल वाया नाही. दोन पंचवीसलाही तसंच. अडीचला पुन्हा आठ सेकंदांचा तो खोळंबा आणि पुन्हा तीनशे त्रेसष्ट कचऱ्यात.

"आता दोन प्रश्न," ताईंनी बोटं वर केली. "एक, कारकून दर पंधरा मिनिटांनी आठ सेकंद जातो कुठे? आणि दोन, सहाशे चाळीस मीटर एकाच सेकंदाला कसे बोलतात? शहरभर पसरलेले मीटर. थोडे मागेपुढे व्हायला नकोत?"

दुसऱ्याचं उत्तर काकांकडे होतं, आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता. "घड्याळं मी लावलीत ना. प्रत्येक मीटरचं. सेकंदाला सेकंद. एक जरी पुढे गेलं तरी मला झोप येत नाही."

ताईंनी कपाळाला हात लावला आणि खदखदा हसल्या. "अहो काका! तुम्ही सहाशे चाळीस माणसांना एकाच दारातून एकाच वेळी आत सोडताय!"

"म्हणजे नीट काम केलं हेही चुकलंच का?" काका फुरंगटले.

"चुकलं नाही हो. इतकं नीट कुणी करेल असं मला वाटलंच नव्हतं."

मग त्या प्रोग्राममध्ये शिरल्या. काका बघत राहिले. त्यांना त्यातली एक ओळ कळत नव्हती, पण काम कळत होतं. काका स्वतः गळती शोधताना आधी पाणी जिथे दिसतं तिथे खणत नसत. नळाला कान लावून मागे मागे जात. ही बाई तेच करत होती. एक ओळ वाचायची, घड्याळ बघायचं, काहीतरी मोजायचं, नाही म्हणून मान हलवायची, आणि मागे. घाई नाही, चिडचिड नाही. मध्ये एकदा चहा आला, तो तसाच गार झाला. बावीस वर्षांच्या नोकरीत काकांनी हाताने असं काम करणारी दोनच माणसं पाहिली होती. खुर्चीत बसून करणारं कुणीच नाही.

तीनला पाच कमी असताना ताईंचा हात थांबला.

"सापडलं," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद नव्हता.

"काय झालं?"

"तीन आठवड्यांपूर्वी साहेबांना दर पंधरा मिनिटांनी एक रिपोर्ट हवा होता. मी नवा प्रोग्राम न करता याच कारकुनाला सांगितलं, तूच लिही. तो रिपोर्ट लिहायला बसतो आणि आठ सेकंद टोपलीकडे बघतच नाही. मी रविवारी एकदा तपासलं, दोन वाजून सात मिनिटांनी. तेव्हा टोपली रिकामी. म्हटलं झालं काम."

काकांना सगळं लख्ख दिसायला लागलं. खोलीत दोघंच होते. ही बाई आत्ता चार ओळी बदलू शकत होती, आणि आकडे आपोआप नीट झाले असते. कुणाला पत्ताही लागला नसता. मीटर तरीही भिकारच ठरले असते, कारण साहेबांनी ठरवलं होतं. कोण कशाला आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगेल?

"दुरुस्त करता ना लगेच?" त्यांनी चाचरत विचारलं.

"तयार करून ठेवते. पण चालू नाही करणार."

"का?" काकांचं धाबं दणाणलं.

"आत्ता चालू केलं तर साहेब म्हणतील, बघा, मीटर लहरी आहेत, आज बरे वागले. त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू दे. चार वाजता." त्यांनी फोन उचलला. "साहेब? मीटिंग वर माझ्या खोलीत घ्यायची. हो, इथेच. स्वेटर घालून या."

साहेब स्वेटर न घालता आले आणि दोन मिनिटांत कुडकुडायला लागले. "काय आहे ते पटकन दाखवा. अहो मीटरवाले, तुम्ही इथे काय करताय?"

"बसलोय," काका म्हणाले. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, एवढंच?

चार वाजायला वीस सेकंद असताना ताईंनी पडद्याकडे बोट केलं. "हे दोन आकडे बघा, पहिला दारातल्या टोपलीत साचलेल्या मीटरच्या टपालाचा, दुसरा फेकलेल्याचा. मीटर बिघडलेले असतील तर दुसरा हलणारच नाही, कारण टपाल आलेलंच नसेल."

चार वाजले. आकडा उसळला, दोन लाख बारा हजारांच्या पुढे जाऊन छताला लागला आणि आठ सेकंद तिथे तडफडला. दुसरा तीनशे त्रेसष्टने वाढला. साहेब कुडकुडायचे थांबले.

"म्हणजे मीटर..."

"सगळे बोलले. आपण ऐकलं नाही."

"आपण म्हणजे कोण?"

"मी," ताई म्हणाल्या. "रिपोर्ट मी चुकीच्या जागी घातला. तपासला तो चुकीच्या वेळी. आणि फेकलेल्या टपालाचा आकडा तीन आठवडे उघडून पाहिला नाही. तो पहिल्याच दिवशी पाहायला हवा होता."

साहेबांचा चेहरा लाल होत होता. काकांनी कधीही कुणाची चूक एवढ्या सरळ मानेने सांगितलेली ऐकली नव्हती, ना खड्ड्यात, ना ऑफिसात. त्यांना एकदम वाटलं की आपण गप्प बसलो तर आपल्याला लाज वाटेल.

"थोडी माझीपण आहे, साहेब," ते म्हणाले. "घड्याळं मी जरा जास्तच नीट लावली."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांनी आजवर चुका ढकलणारी माणसं पाहिली होती. चुकीसाठी रांग लावणारी बहुधा पहिल्यांदाच पाहत होते.

"दुरुस्त कधी होणार?" ते शेवटी म्हणाले.

"आत्ता." ताईंनी एकच कळ दाबली. "रिपोर्ट आता वेगळा प्रोग्राम लिहील, कारकून जागा सोडणार नाही. टोपलीही चौपट मोठी केलीये. सव्वाचारला कळेल."

पंधरा मिनिटं इतकी लांब असतात हे काकांना माहीत नव्हतं. साहेबांनी मध्येच ताईंची शाल मागून घेतली. त्यावर कुणी हसलं नाही.

सव्वाचार वाजले. आकडा इवलासा हलला. शून्य. दुसरा आकडा, फेकलेल्यांचा, जागचा हलला नाही. एकानेही नाही. ताईंनी यादी उघडली. सहाशे चाळीस.

साहेब उठले. "मीटर राहतील," ते म्हणाले. "तुम्हीपण, मीटरवाले. आणि ती घड्याळं जरा मागेपुढे करा उद्यापासून." दारापर्यंत जाऊन ते वळले. "ताई, तुमच्याशी उद्या बोलतो. पहिल्या दिवशी बघायला हवा होता, हे बरोबर बोललात."

"हो, साहेब."

ते गेले, शालीसकट. काकांना थँक्यू म्हणणं फारच हलकं वाटत होतं.

"काका, निघा आता. घरी वाट बघत असतील."

"साडेचारचं बघून जातो."

"आता काही होणार नाही हो तिथे."

"तेच बघायचंय," काका म्हणाले आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून, हात काखेत घालून, मजेत बसले.