चौथ्या मजल्यावरची टोपली

"छत्री दिसतेय ना सगळ्यांना? मी हरवले तरी चालेल, छत्री हरवता कामा नये!"

नुन्त्सियाने पिवळी छत्री उंच धरली आणि तुरीनहून नेपल्स बघायला आलेले नऊ म्हातारे-म्हाताऱ्या हसत तिच्यामागे निघाले. सर्वांत मागे सहल कंपनीचा मालक, साबातो. बाळंतपणानंतर दहा महिन्यांनी ती आज पहिल्यांदाच कामावर आली होती. आजची फेरी नीट पार पडली, तरच हंगामभराचं काम.

"फोन पिशवीत," त्याने बजावलं होतं. "पाहुण्यांसमोर घरचं रडगाणं नको."

पण सकाळी बाळाचं, लेल्लोचं अंग जरा कोमट लागलं होतं. म्हणून तिने फेरीचा रस्ता थोडा वाकवून आपल्याच बोळातून काढला. सासूबाईंशी पक्कं ठरलं होतं: भाजीची टोपली दोरीने गॅलरीतून खाली सोडायची. पांढरा रुमाल असला तर पोरगं मजेत. लाल काही दिसलं तर ताप.

"या चर्चचा घुमट बांधायला..." ती सांगत होती, पण डोळे बोळाकडे. टोपली लोंबत होती. काठावर लालभडक काहीतरी.

घुमट अर्धवट टाकून ती धावत सुटली. ब्याण्णव पायऱ्या कधी चढली, तिचं तिलाच कळलं नाही.

"मम्मा! किती आहे ताप?"

"कुणाला?" सासूबाई, तितीनाबाई, भांडं विसळत म्हणाल्या. लेल्लो जमिनीवर बसून पातेल्यावर डाव बडवत होता. तोंड टोमॅटोने माखलेलं.

"मग लाल कशाला लावलंत?"

"अगं, ताईताचं शिंग आहे ते! पहिला दिवस तुझा, नजर नको लागायला. आपलं आपण घेतलेलं लागू पडत नाही, दुसऱ्याने द्यावं लागतं. म्हटलं, जाता जाता उचलशील. आणि रुमाल आहे की आत, तळाशी!"

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले. पिवळी छत्री अजून नुन्त्सियाच्या हातात उंचच होती. तिच्यामागोमाग नऊही जण धापा टाकत स्वयंपाकघरात शिरले.

"हे कुठल्या शतकातलं?" एका आजोबांनी वही उघडली.

"भिंत सोळाव्या शतकातली, मी एक्कावन्न सालची," तितीनाबाई म्हणाल्या. "बसा, कॉफी टाकते."

कप सहाच निघाले. बाकीच्यांना पेले.

शेवटी साबातो आला. चौकट धरून उभा राहिला. "हे... कार्यक्रमात... होतं?"

होतं म्हणणं सोपं होतं.

"नाही," नुन्त्सिया म्हणाली. "पोराला ताप आला असं वाटलं. धावले."

साबातोने कॉफीचे दोन घोट घेतले. लेल्लोने टोमॅटोचा हात त्याच्या विजारीला पुसला.

"उद्या दहा वाजता," तो म्हणाला. "आणि पायऱ्या आहेत, हे आधी सांगत जा लोकांना!"

निघताना तिने छत्री टेबलाला टेकवून लेल्लोचा पापा घेतला. तो गळ्यात पडेल, आकांत करेल, म्हणून आठवडाभर तिची झोप उडाली होती. "येते रे," ती दारातून तीनदा म्हणाली. त्याने मान वर केली नाही.

बोळात माणसं मोजून झाली, तेव्हा हात रिकामा असल्याचं तिच्या लक्षात आलं.

"अगं ए गाइडबाई!" वरून हाक आली. टोपली डुलत खाली उतरली. आत पिवळी छत्री, मुठीला बांधलेलं लाल शिंग.

नुन्त्सियाने वर पाहिलं. गॅलरी रिकामी झाली होती. आतून पातेलं वाजत होतं.

तिने छत्री उंच केली. "तर, तो घुमट..." म्हणत ती पुन्हा चर्चकडे वळली.